लायब्ररी ओपन सोर्सवर आणायचीय? सर्व्हरचं नंतर बघू, आधी नोंदी

लायब्ररी कॉम्प्युटरवर आणायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास एकच येतो, कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं. मग डेमो बघणं सुरू होतं, तुलना होतात, कोणीतरी म्हणतं ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो ते) फुकट आहे तेच टाकून मोकळे होऊ, आणि दोन-तीन महिन्यांनी सॉफ्टवेअर मस्त चालू असतं पण आत टाकायला धड यादीच नसते. म्हणून इथे क्रम उलटा घेतलाय. सॉफ्टवेअर आज ना उद्या बदलणारच, पुस्तकांच्या नोंदी मात्र त्याच पुढे न्याव्या लागतात, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ नोंदींवर घालवायचा, इन्स्टॉलेशन काय, एका दुपारीत होतं. ओपन सोर्सचा खरा फायदाही इथेच आहे, पैसे वाचतात ते वेगळं, पण आपल्या नोंदी आपल्याला हव्या तेव्हा बाहेर काढता येतात आणि त्यासाठी कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत.

फुकट वेगळं, ओपन वेगळं

यात बरेच जण गडबडतात. फुकट मिळणारं सगळंच ओपन सोर्स नसतं. काही लायब्ररी सॉफ्टवेअर फुकट मिळतात पण कोड बंद असतो, म्हणजे देणाऱ्याने उद्या हात वर केले की तुम्ही अडकलात. ओपन सोर्समध्ये लायसन्स, म्हणजे वापराच्या अटी, बघायच्या, उदाहरणार्थ कोहा या ओपन सोर्स लायब्ररी सॉफ्टवेअरचं लायसन्स जीपीएल आवृत्ती ३ आहे, म्हणजे वापरा, कॉपी करा, कोड बदला, दहा शाखांमध्ये टाका, कोणी पैसे मागणार नाही, फक्त बदललेली आवृत्ती दुसऱ्याला दिलीत तर तिचा कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो.

कुठलंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी तीन गोष्टी तपासा, लायसन्स स्पष्ट लिहिलंय का, शेवटची आवृत्ती कधी आली (तीन-चार वर्षं काहीच हालचाल नसेल तर लांब राहा), आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळ्या पुस्तकांच्या नोंदी एका फाइलमध्ये बाहेर काढायचं बटण आहे का. डेमोमध्ये ते बटण प्रत्यक्ष दाबून बघा, "हो हो, होतं ते" यावर विश्वास ठेवू नका.

आणि फुकट म्हणजे बिनकष्टाचं नाही हे कमिटीला किंवा वरच्या साहेबांना पहिल्याच मीटिंगला सांगून टाका. मशीन लागणार, डेटा एंट्रीला माणूस लागणार, महिन्यातून एकदा तरी डोकावणारं कोणीतरी टेक्निकल लागणार.

कोण कशासाठी

कोहा सगळ्यात जास्त ऐकलेलं नाव. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी सिस्टीम २००० साल उजाडल्यावर तारखांमध्ये गंडणार होती, म्हणून १९९९ मध्ये कॅटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून त्यांनी नवीन लिहून घेतली, २००० च्या जानेवारीत ती सुरू झाली आणि कोड सगळ्यांसाठी खुला केला. तिथून ती जगभर गेली. पुस्तकं देणं-घेणं, कॅटलॉग, सभासद, खरेदी, मासिकं, रिपोर्ट सगळं एकात आहे. काही हजार पुस्तकं आणि रोजची देवाणघेवाण असेल तर मी डोळे झाकून कोहाच सांगेन.

एव्हरग्रीन हे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या पाइन्स या लायब्ररी गटासाठी बनलं, २००६ मध्ये सुरू झालं. अनेक लायब्रऱ्यांनी मिळून एकच कॅटलॉग चालवायचा असेल तर त्याचा विचार करा, एकट्यादुकट्या लायब्ररीला ते जड जातं. स्लिम्स हे इंडोनेशियातून आलेलं, पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं, हलकं आहे, साध्या होस्टिंगवरही टाकता येतं, छोट्या शाळेच्या लायब्ररीला पुरतं.

डीस्पेसबद्दल मात्र एक गैरसमज फार दिसतो. डीस्पेस एमआयटी आणि एचपी लॅब्जने मिळून २००२ मध्ये आणलं, ते प्रबंध, लेख, स्कॅन केलेली कागदपत्रं अशा डिजिटल गोष्टी साठवायला आहे, पुस्तक कोणाला दिलं आणि कधी परत येणार हे त्यात बघता येत नाही. तरी "आम्ही डीस्पेसवर लायब्ररी ऑटोमेट करतोय" असं ऐकायला मिळतं. दोन्ही हवं असेल तर दोन्ही टाका, कोहा पुस्तकांना, डीस्पेस पीडीएफना. कॅलिबर हे स्वतःच्या ईबुकसाठी, संस्थेच्या कामाचं नाही. आणि चारशे-पाचशेच पुस्तकं असतील, वाचणारे पन्नास असतील, तर खरं सांगू का, लिबरऑफिसच्या एका (एक्सेलसारख्या) शीटवर भागतं, उगीच सर्व्हरचा संसार मांडू नका.

नोंदी साफ करणं, म्हणजे खरं काम

बहुतेक ठिकाणी तीन प्रकारचा माल असतो, हाताने लिहिलेली दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद असलेलं रजिस्टर, कोणीतरी कधीतरी अर्धवट केलेली एक्सेल फाइल, आणि जुन्या सॉफ्टवेअरमधून निघालेली कसलीतरी यादी. सगळं एका शीटमध्ये आणायचं. कॉलम एवढे तरी ठेवा: दाखल क्रमांक (रजिस्टरमधला प्रतीचा क्रमांक), आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), शीर्षक, लेखक, प्रकाशक, प्रकाशनाचं गाव, वर्ष, पानं, वर्गांक (विषयाप्रमाणे पुस्तकाला दिलेला क्रमांक), विषय, भाषा, किंमत, कपाट. एका ओळीत एक प्रत. एकाच पुस्तकाच्या चार प्रती असतील तर चार ओळी, "प्रती ४" असा कॉलम करू नका कारण प्रत्येक प्रतीला वेगळा बारकोड लागणार आहे.

आता एक्सेलचं. ही जागा नीट वाचा, कारण इथे डेटा मरतो आणि मेलेला लगेच कळत नाही. तेरा आकडी आयएसबीएन एक्सेलमध्ये टाकला की तो त्याला मोठी संख्या समजतो आणि ९.७८ई+१२ असं दाखवतो. तोपर्यंत ठीक, आत आकडा शाबूत असतो. पण ती फाइल तशीच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) म्हणून सेव्ह केली की जे स्क्रीनवर दिसतंय तेच फाइलमध्ये जातं, म्हणजे ९.७८ई+१२, आणि सगळ्या पुस्तकांना एकच आयएसबीएन. मूळ एक्सेल फाइल उडवली असेल तर तो आकडा परत येत नाही. तसंच दाखल क्रमांक ०००४५ असेल तर ४५ उरतो, आणि पंधरापेक्षा जास्त आकडी क्रमांक असेल तर पुढचे आकडे शून्य होतात. उपाय सोपा आहे, कॉलम आधी टेक्स्ट करा आणि मग आकडे टाका. सीएसव्ही उघडायची असेल तर लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा, उघडताना तो एक खिडकी दाखवतो, तिथे कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ निवडायचं, आयएसबीएन आणि दाखल क्रमांकाच्या कॉलमवर क्लिक करून प्रकार टेक्स्ट करायचा, मग ओके.

आयएसबीएन बरोबर आहे का हे पुस्तक न उघडता तपासता येतं. तेरा आकडे घ्या, पहिल्याला १ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला परत १ ने, असं आलटून पालटून गुणा आणि बेरीज करा, बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला तर आकडा ठीक. उदाहरणार्थ ९७८०३०६४०६१५७ घ्या, ९ अधिक २१ अधिक ८ अधिक ० अधिक ३ अधिक ० अधिक ६ अधिक १२ अधिक ० अधिक १८ अधिक १ अधिक १५ अधिक ७, बरोबर १००. शीटमध्ये याचा फॉर्म्युला एकदा लावला की टायपिंगच्या बहुतेक चुका लाल करून दाखवता येतात. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर दहा आकडी आयएसबीएन असतो, त्याच्या शेवटी कधीकधी एक्स येतो, ती चूक नाही, काढू नका. आणि फार जुन्या पुस्तकांना तो नसतोच, तिथे रकाना रिकामा ठेवा, ०००० वगैरे टाकू नका, नाहीतर पुढे जुळवणी करताना सगळी बिनआयएसबीएनची पुस्तकं एकच समजली जातील.

मराठी पुस्तकांच्या नोंदी असतील तर अजून एक डोकेदुखी. जुनी यादी युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठी आता चालणाऱ्या सामायिक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ती नुसती दिसायला देवनागरी असते, आत रोमन अक्षरं भरलेली असतात, फॉन्ट बदलला की कचरा दिसतो. ती आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये न्यायची आणि मग शंभरेक ओळी डोळ्यांनी वाचायच्या, जोडाक्षरं आणि रफार इथेच फुटतात. युनिकोड असलं तरी सुटका नाही. किनाऱ्यावर हा शब्द एकाने ऱ वापरून टाइप केला, दुसऱ्याने साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक वापरून केला, स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द, म्हणून एक सर्चमध्ये येतो आणि दुसरा येत नाही, आणि लायब्रेरियन बिचारा कपाटासमोर उभा राहून पुस्तक हातात घेऊन म्हणतो की हे तर आहे आपल्याकडे. आकड्यांचंही तसंच, काही ओळींत देवनागरी १२३ आणि काहींत इंग्रजी आकडे असतील तर क्रमवारी लागत नाही आणि बारकोड जुळत नाही. दाखल क्रमांक, वर्ष, वर्गांक सगळीकडे इंग्रजी आकडेच ठेवा, शीर्षकात काय असेल ते असू द्या.

लेखकांची नावं जुळवायला ओपनरिफाइन वापरा, ओपन सोर्स आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडतं, डेटा बाहेर जात नाही. लेखकाचा कॉलम निवडून टेक्स्ट फॅसेट लावा, मग क्लस्टर बटण दाबा, तो सारख्या वाटणाऱ्या नावांचे गट करून देतो, आद्याक्षरांमध्ये स्पेस आहे-नाही, टिंब आहे-नाही, आडनाव आधी की नंतर, कुलकर्णी की कुळकर्णी. पण इथे घाई नको, कुलकर्णी आणि कुळकर्णी ही खरोखर दोन माणसं असू शकतात, प्रत्येक गट बघूनच मर्ज करायचं. एकदा ठरवा की आडनाव, स्वल्पविराम, नाव असाच क्रम, आणि तो कागदावर लिहून डेटा एंट्रीच्या टेबलाशेजारी चिकटवा.

पुस्तकं कपाटात खरंच आहेत का हेही याच टप्प्यात. यादी हातात घेऊन कपाटं फिरा. रजिस्टरात आहे पण कपाटात नाही अशी पुस्तकं निघणारच, ती वेगळ्या शीटमध्ये टाका, गायब पुस्तकं नव्या सिस्टीममध्ये "उपलब्ध" म्हणून दाखवलीत तर पहिल्याच आठवड्यात वाचकांचा विश्वास उडतो.

मार्कची ओळख, गरजेपुरती

लायब्ररीच्या नोंदींचा जुना आणि अजून चालणारा साचा म्हणजे मार्क, १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या पुढाकाराने बनला. दिसायला कितीही किचकट असला तरी याच्यामुळेच तुमच्या नोंदी कोहातून एव्हरग्रीनमध्ये किंवा पुढे जे काही येईल त्यात नेता येतात. सगळा पाठ करायची गरज नाही. प्रत्येक रकान्याला, म्हणजे फील्डला, तीन आकडी नंबर असतो: ०२० म्हणजे आयएसबीएन, ०८२ ड्यूई पद्धतीचा वर्गांक, १०० मुख्य लेखक, २४५ शीर्षक, २६० किंवा २६४ प्रकाशनाची माहिती, ३०० पानं आणि आकार, ६५० विषय, ७०० बाकीचे लेखक-अनुवादक. एवढ्यावर गाडी चालते.

कोहामध्ये प्रत्येक प्रतीची माहिती ९५२ या फील्डमध्ये जाते, त्याचे अक्षरांनी ओळखले जाणारे उपरकाने असतात. त्याच्या ए मध्ये मूळ शाखेचा कोड, बी मध्ये सध्याच्या शाखेचा, ओ मध्ये वर्गांक, पी मध्ये बारकोड, वाय मध्ये प्रकार, म्हणजे पुस्तक, संदर्भग्रंथ, मासिक वगैरे. यातला शाखेचा आणि प्रकाराचा कोड कोहामध्ये जसा बनवलाय अगदी तसाच फाइलमध्ये पाहिजे. इंपोर्टनंतर पुस्तकांची नावं आली पण प्रती शून्य, असं झालं तर नव्वद टक्के वेळा कोड जुळत नसतो किंवा बारकोड दुसऱ्यांदा आलेला असतो, आधी तेच बघा.

शीटमधून मार्क फाइल करायला मार्कएडिट हे प्रोग्रॅम बहुतेक जण वापरतात, त्यातल्या डिलिमिटेड टेक्स्ट ट्रान्सलेटरमध्ये कुठला कॉलम कुठल्या फील्डमध्ये जाणार हे एकदा सांगायचं आणि ती जुळवणी सेव्ह करून ठेवायची. गंमत अशी की मार्कएडिट फुकट आहे पण ओपन सोर्स नाही. त्याचं वावडं असेल आणि थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) येत असेल तर पायमार्क ही ओपन सोर्स लायब्ररी आहे, पन्नास-साठ ओळींच्या स्क्रिप्टमध्ये काम होतं.

सगळं हाताने टाइप करायची गरज नसते हेही लक्षात ठेवा. कोहामध्ये झेड ३९.५० नावाची सोय आहे, दुसऱ्या लायब्रऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये आयएसबीएनने शोधून त्यांची तयार नोंद उचलता येते, लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून अशा नोंदी फुकट मिळतात. इंग्रजी पुस्तकांना हे वरदान आहे. मराठी पुस्तकं मिळाली तरी शीर्षक बऱ्याचदा रोमन लिपीत असतं, ते देवनागरीत बदलून घ्यावं लागतं, तरी पानं, वर्ष, वर्गांक तयार मिळतात तेवढीच मेहनत वाचते.

आता सर्व्हर

आधी चाचणी. व्हर्च्युअलबॉक्स (आपल्याच कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या, त्यात डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सची लाँग टर्म आवृत्ती टाका, ४ जीबी रॅम द्या आणि कोहा त्याच्या स्वतःच्या पॅकेज रिपॉझिटरीतून (तयार पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यातून) टाका. कोडची झिप उतरवून हाताने बसवायच्या भानगडीत पडू नका, पॅकेजने टाकलं तर अपडेट, बॅकअप, रोजची कामं सगळी आपोआप जोडली जातात. त्यानंतर वेब इन्स्टॉलर येतो, तो भाषा विचारतो आणि मार्कचा प्रकार विचारतो, मार्क २१ की युनिमार्क. मार्क २१ घ्या. हे उत्तर नंतर बदलता येत नाही म्हटलं तरी चालेल, बाकी सगळं बदलता येतं.

मग शाखा, सभासदांचे प्रकार, पुस्तकांचे प्रकार आणि सर्क्युलेशनचे, म्हणजे देवाणघेवाणीचे, नियम. नियमांमध्ये सगळ्यात आधी "सगळ्या शाखा, सगळे सभासद, सगळे प्रकार" असा एक सरसकट नियम बनवा आणि मग अपवाद टाका, संदर्भग्रंथ बाहेर नाही, शिक्षकांना जास्त दिवस, असं. सरसकट नियम नसला की कोणाला तरी पुस्तक देताना कोहा अडवतो आणि का अडवतोय ते काउंटरवरच्या माणसाला कळत नाही. कॅलेंडरमध्ये सुट्ट्या भरा, नाहीतर परतीची तारीख बंद दिवशी येते आणि दंड आकारणी सुरू असेल तर रोज काउंटरवर वाद.

इंपोर्ट करताना पहिल्यांदा वीसच नोंदी. कोहा फाइल आधी एका बाजूला उतरवून घेतो, त्याला स्टेज म्हणतात, तिथे बघायचं आणि मग कॅटलॉगमध्ये टाकायचं, बिनसलं तर तो सगळा गठ्ठा मागे घ्यायची सोयही आहे. वीस नोंदींमध्ये मुद्दाम अवघड माल घ्या, दोन लेखकांचं पुस्तक, आयएसबीएन नसलेलं, चार प्रती असलेलं, लांबलचक उपशीर्षकाचं, मराठी, इंग्रजी. ते ऑनलाइन कॅटलॉगमध्ये शोधून बघा. देवनागरी शोध नीट होत नसेल तर झेब्रा या इंडेक्सिंगच्या सेटिंगमध्ये आयसीयू चालू करून इंडेक्स पहिल्यापासून परत बनवावा लागतो, हे टेक्निकल माणसाला सांगा, त्याला शोधायला वेळ लागणार नाही. वीस ठीक आले की पाचशे, मग सगळे. सभासदांची यादी सीएसव्हीने जाते, त्यात कार्ड क्रमांक, आडनाव, शाखा आणि सभासद प्रकार एवढं पाहिजेच.

बारकोडचं फार अवघड नाही. स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने एक कीबोर्ड, आकडे टाइप करतो आणि एंटर मारतो बस. घेताना साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये स्कॅन करून बघा, पुढची शून्यं येतात का आणि शेवटी एंटर येतो का. पुस्तकांचे आणि कार्डांचे क्रमांक वेगळे दिसतील असे ठेवा, कार्डाच्या आधी एखादं अक्षर लावा, म्हणजे घाईत पुस्तकाच्या जागी कार्ड स्कॅन झालं तर लगेच कळेल. स्टिकर पुस्तकाच्या आत नको, बाहेर लावा, मोजणीच्या वेळी प्रत्येक पुस्तक उघडत बसायला लागत नाही.

बॅकअप

कोहाचं पॅकेज रोज रात्री बॅकअप घेतं. हे वाचून लोक निर्धास्त होतात, पण ती फाइल त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर पडते आणि जुन्या फाइल दोनेक दिवसांत पुसल्या जातात. डिस्क गेली की बॅकअपही गेला. त्यामुळे रोजची फाइल दुसऱ्या मशीनवर आपोआप कॉपी झाली पाहिजे आणि आठवड्यातून एकदा अशा डिस्कवर जी काम झाल्यावर काढून कपाटात ठेवली जाते. कायम जोडलेली डिस्क उपयोगाची नाही, रॅन्समवेअर (फाइल लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तर तो जोडलेलं सगळं लॉक करतो.

ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये असाच हल्ला झाला. एवढी मोठी संस्था, पण मुख्य कॅटलॉग शोधण्यापुरता परत यायला जानेवारी २०२४ उजाडलं. त्यांनी नंतर स्वतःच अहवाल काढला, त्यात मुद्दा असा होता की डिजिटल संग्रहाच्या प्रती सुरक्षित होत्या, पण त्या परत बसवायला चालेल अशी यंत्रणाच उरली नव्हती, जुन्या सिस्टीम्स नव्याने उभ्या करता येत नव्हत्या. बॅकअप आहे आणि बॅकअपमधून लायब्ररी परत उभी राहते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून तीन-चार महिन्यांतून एकदा नवीन व्हर्च्युअल मशीन घ्या, त्यात कोहा टाका, कालचा बॅकअप रिस्टोअर करा आणि कालच दिलेलं एक पुस्तक शोधा. कोणाच्या नावावर आहे ते बरोबर दिसलं तर बॅकअप आहे असं म्हणा.

याशिवाय वर्षातून एकदा सगळ्या नोंदी मार्क फाइलमध्ये आणि सीएसव्हीमध्ये काढून ठेवा. डेटाबेसचा बॅकअप कोहालाच वाचता येतो, मार्क फाइल कोणालाही.

रोजचं चालवणं

कोहाची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मे आणि नोव्हेंबरमध्ये, म्हणून आवृत्तीचा नंबर २४.०५, २४.११ असा साल-महिना असतो. आली की लगेच उडी मारू नका, दोन-तीन महिने जाऊ द्या, तोवर दुरुस्त्या येतात. पण वर्षानुवर्षं तशीच ठेवूही नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्त्यांना मिळणं बंद होतं. अपडेटआधी बॅकअप आणि आधी चाचणीच्या मशीनवर, हे सांगायला नको.

बाहेरच्या एजन्सीला काम दिलं तरी चालतं, ओपन सोर्समध्ये एक एजन्सी नाही जमली तर दुसरी धरता येते, फक्त करारात लिहून घ्या की सर्व्हरचा मुख्य पासवर्ड लायब्ररीकडे राहील, पूर्ण डेटाबेस दर महिन्याला मिळेल आणि काम सोडताना वेगळे पैसे न मागता सगळं ताब्यात दिलं जाईल. ओपन सोर्स सॉफ्टवेअर असून पासवर्ड एजन्सीच्या खिशात असेल तर तुम्ही बंद सॉफ्टवेअरइतकेच अडकलेले आहात.

कोणी काय वाचलं याचा इतिहास कोहा साठवतो. तो काढून टाकायची, म्हणजे परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदीतून सभासदाचं नाव पुसायची सोय आहे, ती वापरा. किती वेळा पुस्तक गेलं एवढा आकडा रिपोर्टला पुरतो, कोणी आजाराचं पुस्तक नेलं आणि कोणी कायद्याचं, हे काउंटरवरच्या प्रत्येकाला दिसायचं कारण नाही. लॉगिनही प्रत्येकाला वेगळं द्या, सगळे मिळून एकच ॲडमिन लॉगिन वापरतात तिथे दंड कोणी माफ केला हे कधीच सापडत नाही.

नवीन आणि जुनं महिनाभर बरोबरीने चालवा, त्याहून जास्त नको, कारण दोन ठिकाणी लिहायचा कंटाळा येतो आणि मग दोन्हीकडे अर्धवट राहतं. दिवस ठरवा, त्या दिवसापासून फक्त नवीन. सुट्टीच्या आधीचा किंवा परीक्षेचा आठवडा टाळा.

अडलं तर विचारायची पद्धत मात्र जमवा. "कोहा चालत नाहीये" याला जगात कोणी उत्तर देऊ शकत नाही. आवृत्ती कुठली, कुठल्या पानावर होता, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि एररचा मजकूर जसाच्या तसा, एवढं लिहिलं की अनोळखी माणूसही वेळ काढून उत्तर देतो. स्क्रीनशॉट टाकताना सभासदांची नावं आणि फोन नंबर झाका. तुमच्याकडून परत द्यायचं असेल तर कोडच लिहिला पाहिजे असं नाही. कोहाचं भाषांतर ब्राउझरमध्ये बसून करता येतं, "चेक आउट" आणि "होल्ड"ला काउंटरवर काय म्हणतात हे प्रोग्रॅमरपेक्षा लायब्रेरियनलाच जास्त माहीत असतं, आणि रोज पंधरा-वीस वाक्यं केली तरी पुढच्या आवृत्तीत ती सगळ्यांना दिसायला लागतात.